पुंगळीच्या आतली खाच

शारजातल्या आमच्या घराला दोन खोल्या होत्या. त्यातल्या एकीत प्लायवुडचं पार्टिशन घातलेलं होतं आणि पलीकडे एक मल्याळी जोडपं राहायचं. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्हाला ऐकू यायच्या आणि आमची भांडणं त्यांना. मराठी कळत नसल्यामुळे त्यांची त्यातल्या त्यात सुटका होती. खिडकीच्या एसीखाली आईनं आइस्क्रीमचा रिकामा डबा ठेवला होता. त्यात दिवसभर पाणी टपटपत राहायचं आणि तेच पाणी ती बाल्कनीतल्या तुळशीला घालायची. ती तुळस कधी धड वाढली नाही, पण मेलीही नाही. शुक्रवारी सुट्टी असल्यामुळे सकाळी थालीपिठं व्हायची. लोणी परवडत नव्हतं म्हणून आई वर लबनेहचा, म्हणजे तिकडच्या घट्ट दह्याचा, गोळा ठेवायची आणि "लोण्यासारखंच लागतं, नाही?" असं दर शुक्रवारी विचारायची. दर शुक्रवारी आम्ही हो म्हणायचो. नाही म्हणायची हिंमत बाबांमध्ये नव्हती आणि मला तेव्हा आईशी मराठीत वाद घालायचाही कंटाळा यायचा.

बाबा एका शूटिंग क्लबात काडतुसं भरायचे. लोकांना हे सांगितलं की ते आधी हसायचे आणि मग जरा लांब सरकायचे. इकडे भारतात असताना ते सरकारी दारूगोळा कारखान्यात बावीस वर्षं तपासणी खात्यात होते. काडतुसाचं जे पितळी नळकांडं असतं, ज्याला आम्ही घरात पुंगळी म्हणायचो, ती पास करायची की नाही हे ठरवणं एवढंच त्यांचं काम होतं. मुदतीआधी निवृत्ती घेऊन ते आखातात आले, कारण त्यांचे जुने ओळखीचे सबनीस काका त्या क्लबात मॅनेजर होते. शारजाबाहेर वाळवंटात तासभर गेलं की क्लबाची भिंत लागायची. आत हिरवळ, कारंजं आणि अरबी कॉफीचा वास. बाबांची खोली मात्र मागे, जनरेटरच्या शेजारी.

क्लबातल्या काही हौशी सभासदांकडे एका अगदी लहान बोअरच्या, म्हणजे बारीक नळीच्या, रायफली होत्या. त्यांचं काडतूस बाटलीसारखं असायचं, खाली रुंद, मग खांदा, आणि वर करंगळीपेक्षाही बारीक मान. असलं नवं काडतूस परदेशातून मागवलं तर साडेचार दिरहमला एक पडायचं. बाबा लगेच मोठ्यानं हिशोब करायचे, "म्हणजे चोपन्न रुपये! एका ठो ला चोपन्न रुपये!" तीच रिकामी पुंगळी उचलून, साफ करून, मूळ मापात आणून, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, चिमूटभर दारू आणि नवी गोळी बसवली की काम सव्वा दिरहमात व्हायचं. सगळ्यात महाग वस्तू पुंगळीच. ती जितक्या वेळा वापरावी तितकं काडतूस स्वस्त. हे गणित कुणालाही समजेल असं आहे आणि त्यामुळेच ते वाईट आहे.

कारण पितळ हे पितळ आहे. बाटलीच्या आकाराच्या पुंगळीत दर स्फोटाला धातू पुढे सरकतो. मान लांबते, ती कापून मापात आणता येते. मान कडक होते, ती तापवून मऊ करता येते. पण पुढे सरकलेला धातू येतो तो बुडाजवळून. तिथे आतल्या बाजूनं पुंगळी पातळ होत जाते आणि एक बारीक खाच पडते. बाहेरून सगळं सोन्यासारखं झळझळीत दिसतं. खाच पुरेशी खोल झाली की पुढच्या बाराला पुंगळीचे दोन तुकडे होतात आणि तापलेला वायू रायफलीच्या मागच्या बाजूनं, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. बाबांनी मला हे वरण-भात कालवताना समजावलं होतं. ते म्हणायचे, "मोठ्या पुंगळीत निदान बॅटरी मारून आत बघता तरी येतं. या चिमुरडीच्या आत डोळा जात नाही. इथे बोटच लागतं."

त्यासाठी त्यांच्याकडे एक तार होती, टोकाला किंचित वाकवून तासलेली. ती पुंगळीत घालायची, बुडापर्यंत न्यायची आणि भिंतीला टेकवून हळूच वर ओढायची. खाच असली तर टोक तिथे अडतं. बांगडीच्या सांध्याला नख अडकतं ना, तेवढंच. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही खराब पुंगळी पास झाली नव्हती, आणि हे ते पाहुण्यांना तिसऱ्या वाक्यात सांगायचे. "तार खोटं बोलत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. आईला त्याचा उबग आला होता.

मी अकरावीत असताना एका संध्याकाळी बाबांनी गॅसवरची आमटीची वाटी चिमट्याशिवाय उचलली आणि बोलत बोलत टेबलापर्यंत आणली. आई ओरडली. त्यांनी वाटी खाली ठेवली, बोटांकडे पाहिलं. दोन बोटांना फोड येत होते आणि त्यांना काही कळलंच नव्हतं. मधुमेह होता हे आम्हाला ठाऊक होतं. बोटांतली संवेदना गेली हे त्या दिवशी समजलं. आईनं बर्फ लावला. मग बाबा म्हणाले, "सबनीसला यातलं काही कळता कामा नये."

त्या पुढच्या शुक्रवारपासून मी क्लबात जायला लागले. सबनीस काकांना सांगितलं होतं की पोरगी घरी कंटाळते, पुंगळ्या पुसायला मदत करेल. नियमात ते बसत नव्हतं, पण दुपारच्या नमाजाआधी तिथे चिटपाखरू नसायचं आणि काका मराठी माणसांना नियम लावण्यात ढिले होते. दारूच्या कपाटाला मला हात लावायची परवानगी नव्हती. मी फक्त रिकाम्या पुंगळ्या घ्यायची आणि तार घालायची. बाबांनी मला तीन शुक्रवार फक्त खराब पुंगळ्या तपासायला लावल्या, मग तीन शुक्रवार फक्त चांगल्या, आणि मग मिसळून. सातव्या शुक्रवारी त्यांनी मी नापास केलेल्या अकरा पुंगळ्या करवतीनं उभ्या कापून पाहिल्या. अकराही बरोबर निघाल्या. ते इतके खूश झाले की येताना गाडी थांबवून मला शावर्मा खायला घातला आणि स्वतः नुसता लिंबाचा सोडा प्यायले. मी त्यांची बोटं झाले होते आणि मला त्याचा गर्व होता. शाळेत मला कुणी कशातही हुशार म्हणत नसे.

तिथे नेस्टर नावाचा फिलिपिनो इन्स्ट्रक्टर होता. भरलेल्या प्रत्येक लॉटमधली दहा काडतुसं झाडून बघायचं काम त्याचं. मला तो मिस रेवा म्हणायचा आणि खिशातून वाळक्या आंब्याचे काप काढून द्यायचा. "युअर फादर मेक, आय शूट, नो प्रॉब्लेम," असं म्हणून तो छातीवर हात ठेवायचा.

मग मंदी आली. आमच्याकडे ती वर्तमानपत्रातून आली नाही, कचऱ्याच्या पेटीशेजारी आली. दर आठवड्याला तिथे नवं सामान दिसायला लागलं: सोफे, पाळणे, एकदा अख्खं डायनिंग टेबल. आईनं तिथून एक मिक्सर उचलून आणला आणि दोन दिवस रडत होती, कारण तो खालच्या मजल्यावरच्या बाईंचा आहे हे तिनं ओळखलं होतं. माझ्या वर्गातल्या बाकांवर फटी पडत गेल्या. शाळेत हजेरी घेताना टीचर नाव घ्यायच्या, उत्तर आलं नाही की पुढच्या नावाकडे जायच्या. कोण गेलं असं कुणी विचारत नसे. आमच्या घरात एकच गोष्ट रोज बोलली जायची: मार्चपर्यंत टिकायचं. मार्चमध्ये माझी बारावीची बोर्डाची परीक्षा होती. बाबांची नोकरी गेली की व्हिसा जाणार, व्हिसा गेला की महिन्याभरात देश सोडायचा, आणि मधेच शाळा सोडली तर वर्ष बुडणार. इकडे येऊन पुन्हा प्रवेश, पुन्हा फी, आणि बाबांचं वय चोपन्न.

क्लबाचे सभासद गळायला लागले. परदेशातला पुंगळ्यांचा पुरवठादार आधी रोख मागू लागला आणि मग नव्या पुंगळ्या येणं बंदच झालं. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी सबनीस काका आमच्या खोलीत आले. मी कोपऱ्यात स्टुलावर होते.

"मधुकरराव, रिजेक्शन किती चाललंय?"

"शंभरात पंधरा-अठरा. पुंगळ्या जुन्या झाल्यात साहेब. सातव्या-आठव्या वेळेला भरतोय आपण."

"पंधरा-अठरा? मॅनेजमेंट काय म्हणतं माहितीय? काडतुसाचा खर्च अर्ध्यावर आणा, नाहीतर रिलोडिंग खलास. रिलोडिंग खलास म्हणजे तुम्ही खलास. मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका."

"पण पितळ..."

"शंभरात पाच. त्याच्या वर एक नको. बारा वेळा वापरा, तेरा वेळा वापरा, तुम्ही एक्स्पर्ट आहात. मार्चपर्यंत मला फक्त आकडे दाखवता आले पाहिजेत, मग इन्शाल्ला बघू." मग माझ्याकडे वळून ते अगदी प्रेमानं म्हणाले, "काय गं, अभ्यास काय म्हणतोय?"

"फाइन, अंकल," मी म्हटलं.

गाडीत बाबा म्हणाले, "तू तुझी तपास. जे खराब ते खराब. पाच होवोत नाहीतर पन्नास. सबनीसला मी सांभाळतो." पुढचे तीन शुक्रवार त्यांनी त्याला सांभाळलं, म्हणजे त्याच्या केबिनमध्ये जाऊन शिव्या खाल्ल्या. केबिनची भिंत पातळ होती. माझ्या बापाला, जो घरात मोठ्यानं शिंकतही नसे, कुणीतरी "सरकारी नोकरीतला आळशी" म्हणत होतं आणि तो "हो साहेब, हो साहेब" म्हणत होता. मला सबनीस काकांचा संताप आला. आणि खरं लिहायचं तर बाबांचाही आला. इतकं काय त्या तारेचं, असं वाटलं. करा की पास, नेस्टरला काही होत नाही.

चौथ्या शुक्रवारी मी पहिल्या साठ पुंगळ्यांतच पाच नापास केल्या. अजून एकशे चाळीस बाकी होत्या. बाबा पलीकडे पाठमोरे बसून माना कापत होते. एकसष्टावी घेतली, तार घातली, वर ओढली. टोक अडलं. मी परत घातली, परत अडलं. फार नाही, जराच. ती मी चांगल्यांच्या ट्रेमध्ये ठेवली.

त्या दिवशी मी किती पुंगळ्या अशा ठेवल्या ते मला माहीत आहे. सतरा. नापासच्या ट्रेमध्ये आठ गेल्या, दोनशेत आठ, म्हणजे काकांना हव्या होत्या त्याहूनही कमी. बाबांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, "आज बरा लॉट निघाला." त्यांचा चेहरा किती सैल झाला होता! मला इतकं बरं वाटलं की घरी येऊन मी आपणहून आईला कांदा चिरून दिला. असे आणखी चार शुक्रवार गेले. केबिनमधून आवाज यायचे बंद झाले. एकदा तर सबनीस काकांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली आणि खजुराचा डबा दिला. आम्ही तो पुरवून पुरवून खाल्ला.

फेब्रुवारीत, आमची पूर्वपरीक्षा चालू असताना, मंगळवारी सकाळी नेस्टर लॉटमधलं सहावं काडतूस झाडत होता. पुंगळीचे दोन तुकडे झाले. काचेला घामाची वाफ धरते म्हणून त्यानं सुरक्षेचा चष्मा कपाळावर सरकवला होता. हा त्याचा हलगर्जीपणा, असं नंतर क्लबाच्या कागदात लिहिलं गेलं. उजवा डोळा गेला.

बाबा दोन दिवस हॉस्पिटलमध्ये जाऊन बसत होते. आईनं नेस्टरसाठी तांदळाची पेज करून दिली. तो म्हणाला, "इट्स ओके, सर. ओल्ड ब्रास." बाबांनी घरी येऊन हे शब्द जसेच्या तसे सांगितले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. पार्टिशनपलीकडचा रेडिओ बंद झाला होता. त्या माणसांना मराठी येत नव्हतं, पण रडणं येत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्या पलंगाशेजारी येऊन बसले. माझ्या मांडीवर केमिस्ट्रीचं पुस्तक होतं.

"रेवा, एकच विचारतो. रागावणार नाही. हाताला लागलं होतं का काही? त्या लॉटमध्ये, कुठे तार अडली होती का?"

मी मराठीत विचारलेल्याला नेहमी इंग्रजीत उत्तर द्यायची. त्या वेळी तिकडे वाढणारी आम्ही सगळीच मुलं द्यायचो. पण त्या दिवशी ती सवय माझ्या फार उपयोगी पडली. मराठीत मला ते जमलं नसतं असं मी आजही स्वतःला सांगते.

"नथिंग, बाबा. आय डिडंट फील एनिथिंग."

"नक्की?"

"शुअर."

त्यांनी मान हलवली. हात माझ्या डोक्यावर ठेवला. "मग तुझी काही चूक नाही," ते म्हणाले. आता इतक्या वर्षांनी मी हा प्रसंग पुनःपुन्हा उलगडून बघते की त्यांनी ओळखलं होतं का. ओळखलं असतं तर बरं झालं असतं. पण नाही. मी सांगितलं ते त्यांनी खरं मानलं. स्वतःच्या मुलीवर विश्वास ठेवायला त्यांना बोटं लागत नव्हती.

सबनीस काकांनी घरी येऊन तोड सांगितली. बाबांनी लेखी द्यायचं की तपासणी त्यांनी स्वतः, स्वतःच्या पद्धतीनं केली आणि वरून कसलीही मर्यादा घातलेली नव्हती. ते दिलं तर पोलिसांत प्रकरण चिघळणार नाही आणि व्हिसा रद्द करायचे कागद मार्चअखेर पाठवता येतील. नाही दिलं तर उद्याच. आई म्हणाली, "भाऊजी, शंभरात पाच तुम्हीच सांगितलं होतं ना?" ते चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "वहिनी, माझीपण दोन मुलं आहेत." मग चहा त्यांनी पुरा प्यायला.

बाबांना इंग्रजीत पत्र लिहिणं जमत नसे, म्हणून ते मी लिहिलं. ते मराठीत सांगत गेले, मी लिहीत गेले. "मी स्वतः प्रत्येक पुंगळी तपासली." लिहिलं. "तपासणीची पद्धत माझी होती." लिहिलं. "ही पद्धत भरवशाची नाही हे आता माझ्या लक्षात आलं आहे." इथे माझं पेन थांबलं. हे वाक्य सबनीस काकांनी मागितलं नव्हतं.

"बाबा, दिस वन इज नॉट नेसेसरी."

"लिही. खरं आहे ते."

मी लिहिलं. परीक्षेला बसले, पास झाले. पासष्ट टक्के. एवढ्यासाठी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमचाही सोफा कचऱ्याच्या पेटीशेजारी गेला. नेस्टर आमच्या आधीच त्याच्या देशात गेला होता. त्याचा पत्ता बाबांनी क्लबात तीनदा मागितला, पण मिळाला नाही.

पुण्यात बाबांना पुन्हा काम लागलं नाही. एका सोसायटीच्या ऑफिसात ते काही वर्षं पावत्या फाडत. कारखान्यातली जुनी मंडळी अधूनमधून यायची आणि बाबा त्यांच्याशी हवापाण्याचं बोलायचे. पाहुण्यांना तिसऱ्या वाक्यात सांगायचं ते बावीस वर्षांचं वाक्य मी त्यानंतर कधी ऐकलं नाही. आईला ज्याचा उबग यायचा ते तारेचं दुसरं वाक्यही नाही. एकदा आईनंच मुद्दाम विषय काढून दिला, तर ते उठून गॅलरीत गेले.

मग एका रविवारी जाधव आले. बाबांनी शिकवून तयार केलेला मुलगा, आता तपासणी खात्याचा प्रमुख झाला होता. पेढे आणले होते, वाकून नमस्कार केला. म्हणाले, "साहेब, नवीन पोरांची बॅच आलीय. तुमची तारेची तपासणी तुमच्या शब्दांत लिहून द्या. छापून घेतो, वर तुमचं नाव घालतो. मशिनीपेक्षा ती अजूनही चांगली आहे."

मी पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होते.

"नको जाधव," बाबा म्हणाले. "ती शिकवू नकोस पोरांना. तारेनं कळत नाही."

"असं कसं, साहेब? तुम्हीच तर..."

"मी चुकीचं शिकवलं तुम्हाला. माझ्या मुलीचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. तिला लागलं नाही, म्हणजे ते लागतच नाही. एका माणसाचा डोळा गेला माझ्या त्या पद्धतीनं. बावीस वर्षं नशीब चांगलं होतं, बाकी काही नाही."

जाधवांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असेल मी काहीतरी बोलेन, म्हाताऱ्याची समजूत घालेन. मी बशा टेबलावर ठेवल्या आणि लिंबाची फोड राहिली म्हणून परत आत गेले. बाबा त्यानंतर चार वर्षं होते.